प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मधली जागा

एखादी नवी पद्धत प्रयोगशाळेत सिद्ध होणे आणि तीच पद्धत कारखान्यात प्रत्येक पाळीत, ठरलेल्या खर्चात व ठरलेल्या अचूकतेने चालू लागणे, या दोन घटनांमधले अंतर बाहेरून वाटते त्यापेक्षा फार मोठे असते. अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेत १९७४ मध्ये हे अंतर मोजण्यासाठी एक मोजपट्टी तयार करण्यात आली, आणि पुढे तिच्या नऊ पायऱ्या ठरल्या. तिला ‘तंत्रज्ञान-सज्जतेची पातळी’ असे म्हणता येईल. पहिल्या तीन पायऱ्यांवर मूलभूत तत्त्व समजून घेतले जाते व त्याची शक्यता तपासली जाते, तर शेवटच्या तीन पायऱ्यांवर पूर्ण आकाराची, प्रत्यक्ष परिस्थितीत चाचणी झालेली वस्तू उभी राहते. पहिले काम विद्यापीठे करतात आणि शेवटचे काम कंपन्या करतात. मधल्या चौथ्या ते सहाव्या पायऱ्यांना मात्र पुष्कळ देशांत धनीच नसतो, कारण प्राध्यापकाच्या दृष्टीने शोधनिबंध प्रसिद्ध झाला की काम संपते, आणि कारखानदाराला चालू उत्पादन थांबवून, महागडे यंत्र अडकवून, कदाचित फसणारा प्रयोग करणे परवडत नाही. संशोधनाच्या धोरणावर लिहिणारे लोक या टप्प्याला ‘मृत्यूची दरी’ म्हणतात. प्रगत उत्पादन-तंत्रज्ञान, म्हणजे नवे पदार्थ, संगणक, संवेदक व यंत्रमानव यांच्या साहाय्याने अवघड वस्तू घडवण्याचे शास्त्र, या दरीतच सर्वांत जास्त अडकते, कारण त्यातला प्रश्न कोणत्याही एका विद्याशाखेच्या कक्षेत पूर्णपणे बसत नाही.

ही मधली जागा एखाद्या विद्यापीठाने जाणीवपूर्वक व्यापली तर काय घडते, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाचे प्रगत उत्पादन संशोधन केंद्र हे उत्तम उदाहरण आहे. शेफील्ड हे पोलादाचे शहर. डॉनकास्टर येथे घड्याळे बनवणारा बेंजामिन हंट्समन घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारख्या गुणाचे पोलाद मिळत नाही म्हणून शेफील्डजवळच्या हँड्सवर्थ गावी येऊन राहिला, आणि १७४० च्या दशकात त्याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत सिद्ध केली. हेन्री बेसेमर याने १८५८ मध्ये याच शहरात आपला पोलाद कारखाना सुरू केला, रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८२ मध्ये झीज न होणारे मँगनीज पोलाद येथेच तयार केले आणि १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली याला न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लागला तोही येथील प्रयोगशाळेत. विद्यापीठाची सनद १९०५ सालची. तिच्या आदल्या वर्षी झालेल्या निधिसंकलनात पोलाद कामगार, खाणकामगार आणि कारखान्यांतले कामगार यांनी एकेक पेनी देऊन भर घातली होती. त्यामुळे हे विद्यापीठ आणि गावातला कारखाना यांचे नाते आरंभापासून जवळचे होते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या घडामोडी समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हे वैभव ओसरले. पोलाद कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ कोळशाच्या खाणीही. शेफील्ड आणि रॉदरहॅम यांच्या मधोमध ऑरग्रीव्ह येथे एक खाण व दगडी कोळशापासून कोक तयार करणारा मोठा प्रकल्प होता. खाणकामगारांच्या देशव्यापी संपात, १८ जून १९८४ रोजी, तेथे हजारो संपकरी आणि पोलीस समोरासमोर आले. घोडेस्वार पोलिसांनी संपकऱ्यांवर चाल केली, ९५ जणांवर दंगलीचे व हिंसाचाराचे आरोप ठेवले गेले आणि ते खटले पुढच्याच वर्षी न्यायालयात कोसळले. ब्रिटनच्या कामगार चळवळीच्या मनात ती जखम आजही ओली आहे. कोक प्रकल्प १९९० मध्ये बंद झाला, आणि त्या प्रदूषित, उकरलेल्या जमिनीवर नव्या शतकात ज्या इमारती प्रथम उभ्या राहिल्या त्यांपैकी एक विद्यापीठाच्या या केंद्राची होती.

केंद्राची स्थापना २००१ मध्ये झाली. उत्पादन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कीथ रिजवे आणि स्थानिक उद्योजक एड्रियन अॅलन हे तिचे दोन सूत्रधार. अमेरिकेची विमान कंपनी बोइंग ही पहिली मोठी भागीदार. आणि सुरुवातीचा सुमारे दीड कोटी पौंडांचा निधी विद्यापीठ, उद्योग, प्रादेशिक विकास संस्था आणि युरोपीय प्रादेशिक विकास निधी यांच्या सहभागातून उभा राहिला. जगभर पसरलेल्या बोइंगला शेफील्डमध्ये रस का वाटावा, या प्रश्नाचे उत्तर एका धातूत दडलेले आहे, आणि तो धातू म्हणजे टायटॅनियम.

टायटॅनियमच्या मिश्रधातूचे वजन पोलादाच्या साधारण निम्म्याहून थोडे अधिक असते, पण बळकटी उत्तम पोलादाच्या तोडीची. त्याच काळात विमानाचे सांगाडे अॅल्युमिनियमऐवजी कार्बनतंतूंच्या संमिश्र पदार्थांपासून, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांपासून, बनवण्याकडे कल वाढत होता. बोइंगच्या ७८७ या विमानाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग अशा पदार्थांचा आहे. कार्बनतंतूंना अॅल्युमिनियम चिकटून राहिले आणि मध्ये ओलावा शिरला की विद्युत-रासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम गंजते, टायटॅनियम मात्र गंजत नाही. म्हणून या नव्या विमानांत जोडभाग, लँडिंग गिअर व इतर बळकट भागांसाठी टायटॅनियमची मागणी एकदम वाढली. पुण्याच्या भारत फोर्ज या कंपनीनेही बोइंगच्या ७३७ या विमानासाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवायला सुरुवात केली.

मात्र हा धातू कापणे अत्यंत कष्टाचे आहे. साध्या पोलादाच्या तुलनेत तो उष्णता जेमतेम एक सप्तमांश वेगाने वाहून नेतो, त्यामुळे कापताना निर्माण होणारी उष्णता धातूत किंवा चिपांत, म्हणजे कापून निघणाऱ्या कीसात, पसरण्याऐवजी हत्याराच्या धारेशीच साचून राहते आणि धार लवकर मरते. उपाय म्हणून कापण्याचा वेग कमी ठेवावा लागतो. त्यातच विमानाचे भाग बहुधा मोठ्या ठोकळ्यातून किंवा घडीव तुकड्यातून कोरून काढलेले असतात. विकत घेतलेल्या दहा किलो धातूपैकी नऊ किलो चिपांच्या रूपाने बाहेर पडून एकच किलो विमानात जाणे ही या धंद्यात अपवादात्मक गोष्ट नाही. धातू महाग, वेग कमी आणि कापायचे प्रमाण प्रचंड, अशा तिहेरी अडचणीत यंत्राचे प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते, आणि शेफील्डच्या केंद्राने आपले नाव कमावले ते हेच मिनिट वाचवून.

धातू कापण्याच्या वेगाला मर्यादा घालणारी एक जुनी व्याधी म्हणजे चॅटर. लेथवर किंवा मिलिंग यंत्रावर काम केलेल्या प्रत्येकाला तिचा आवाज ओळखीचा असतो: काप थोडा खोल घेतला की यंत्र अचानक कर्कश ओरडू लागते, जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर, एकसारख्या खुणा उमटतात, हत्यार तुटण्याची भीती असते. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ही यंत्रकाराच्या वाट्याला येणारी सर्वांत दुर्बोध समस्या असल्याचे नोंदवले होते. तिचे मूळ पुढे १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्लुस्ती यांनी आणि ब्रिटनमध्ये स्टीफन टोबायस यांनी उलगडले. मिलिंगच्या कटरला अनेक दात असतात. एक दात कापून पुढे गेला की, तो किंचित जरी थरथरला असला तरी, मागे अगदी सूक्ष्म लाटा असलेला पृष्ठभाग सोडतो. पुढचा दात त्या लाटांवरून कापत जातो, म्हणून त्याच्यापुढे येणाऱ्या धातूचा थर कधी जाड, कधी पातळ असतो; थर बदलला की दातावरचे बल बदलते, बल बदलले की दात अधिक थरथरतो आणि मागे आणखी मोठ्या लाटा सोडतो. कंपन आपल्याच पूर्वीच्या खुणेतून शक्ती घेत वाढत राहते.

या आकलनातून निघालेला निष्कर्ष शॉप फ्लोअरवरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाच्या विरुद्ध जाणारा होता. चॅटर झाले की वेग कमी करायचा, हा कामगाराचा सहज प्रतिसाद असतो. पण गणित सांगते की काही विशिष्ट, पुष्कळदा अधिक वेगांवर हे कंपन आपोआप शमते. समजा, यंत्रात बसवलेल्या कटरची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला १,००० आहे आणि कटरला चार दात आहेत. कटर फिरवणारा स्पिंडल मिनिटाला १५,००० फेरे घेऊ लागला की सेकंदाला बरोबर १,००० दात धातूला लागतात. प्रत्येक दाताची थरथर आधीच्या दाताने सोडलेल्या लाटेशी तंतोतंत जुळते, त्यामुळे समोर येणाऱ्या थराची जाडी बदलत नाही आणि कंपनाला खाद्यच मिळत नाही. ७,५०० आणि ५,००० फेऱ्यांवरही असाच शांत पट्टा सापडतो. या पट्ट्यांत कापाची खोली कितीतरी पटींनी वाढवता येते. ते पट्टे शोधण्याची युक्ती साधी आहे: बल मोजणारा संवेदक बसवलेल्या छोट्या हातोडीने कटरच्या टोकावर टकटक करायची, टोकाला लावलेल्या दुसऱ्या संवेदकाने त्याची थरथर टिपायची आणि संगणकाने दोन्हींच्या तुलनेतून आलेख काढायचा.

टायटॅनियमपाशी मात्र ही युक्ती अपुरी पडते, आणि बहुविद्याशाखीय संशोधनाची गरज नेमकी येथे उघड होते. उष्णतेमुळे टायटॅनियम मिनिटाला साठ मीटरच्या आसपासच्या वेगानेच कापावे लागत असेल, तर वीस मिलिमीटर व्यासाच्या कटरला मिनिटाला जेमतेम हजार फेरे मिळतात. गणिताने दाखवलेले मोठे शांत पट्टे त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. मग इतर मार्ग शोधावे लागतात. कटरचे दात असमान अंतरावर ठेवले तर एका लाटेचे दुसरीशी नाते जुळत नाही आणि कंपन वाढू शकत नाही. अगदी कमी वेगात दाताची मागची बाजू लाटांवर घासून कंपन दाबते, तेव्हा त्या बाजूचा कोन किती ठेवायचा हाही प्रश्न येतो. जॉब पकडणारे फिक्श्चर कोठे आधार देते यावर पातळ भागाची थरथर ठरते. शीतकाचा फवारा किती दाबाने आणि नेमका कोठे पडतो यावर धारेचे आयुष्य ठरते. या साखळीत गतिशास्त्राचा गणिती, हत्यारांचा जाणकार, द्रवगतिकीचा अभ्यासक आणि फिक्श्चर बनवणारा फिटर हे सगळे येतात, आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याचे उत्तर बिघडवू शकत असल्यामुळे त्यांनी आपापल्या विभागात बसून एकमेकांना अहवाल पाठवण्याने काम भागत नाही.

धातुशास्त्रज्ञाचे स्थान या मंडळीत सर्वांत नाजूक आहे. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील पेन्साकोला येथे उड्डाणासाठी धावपट्टीवरून धावणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या इंजिनातील पुढच्या पंख्याचा टायटॅनियमचा मधला भाग फुटला, त्याचे तुकडे विमानात घुसले आणि दोन प्रवाशांचा मृत्यू झाला. तपासात असे आढळले की, काही वर्षांपूर्वी तो भाग तयार करताना एका छिद्राच्या आत ड्रिलिंगमुळे धातूची सूक्ष्म रचना बदलून कठीण थर तयार झाला होता, तपासणीत तो सुटला होता आणि तेथूनच तडा वाढत गेला. इंजिनातील अशा फिरत्या चकत्या फुटल्या तर त्यांचे तुकडे कोणतेही आवरण अडवू शकत नाही. म्हणून त्या फुटताच कामा नयेत, या गृहीतावर विमानाची सुरक्षितता उभी असते. कापण्याचा वेग दुप्पट करणारी पद्धत अभियंत्याला कितीही आकर्षक वाटली, तरी त्या वेगाने धातूच्या वरच्या थरात कोणते ताण उरतात, कणांची रचना बदलते का आणि हजारो उड्डाणांनंतर तेथे तडा जाईल का, याची खात्री धातुशास्त्रज्ञाने दिल्याशिवाय तिला काडीची किंमत नसते. शेफील्डच्या केंद्राने रोल्स-रॉइस या इंजिन कंपनीबरोबर अशाच चकत्यांवर काम केले आणि त्यांना लागणारा यंत्रावरचा वेळ सुमारे निम्म्यावर आणला. धार, वेग आणि मांडणी यांच्या शोधाइतकेच त्या यशाचे श्रेय पृष्ठभागाची अखंडता पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या प्रयोगांना द्यावे लागेल.

केंद्राची रचनाही लक्ष देण्यासारखी आहे. कंपन्या वार्षिक वर्गणी भरून त्याच्या सभासद होतात. मोठी वर्गणी भरणाऱ्यांना संचालक मंडळात स्थान मिळते आणि सर्वांच्या उपयोगाचे संशोधन कोणते हाती घ्यायचे ते मंडळ ठरवते. त्याचे निष्कर्ष सभासदांमध्ये वाटले जातात, तर एखाद्या कंपनीचा खास, गोपनीय प्रश्न वेगळा करार करून सोडवला जातो. शंभराहून अधिक भागीदारांत बोइंग, रोल्स-रॉइस, एअरबस यांसारखी विमानउद्योगातली मोठी नावे आहेत, तशाच यंत्रे व हत्यारे बनवणाऱ्या कंपन्या आणि परिसरातले छोटे कारखानेही आहेत. यंत्र बनवणारी कंपनी आपले नवे यंत्र केंद्रात ठेवते, कारण संभाव्य गिऱ्हाईक ते तेथे चालताना पाहते. विद्यापीठाला कारखान्याच्या आकाराचे यंत्र मिळते. हा तपशील क्षुल्लक नाही. विद्यापीठांच्या वर्कशॉपमधील यंत्रे बहुधा छोटी व जुनी असतात, आणि छोट्या यंत्रावर मिळालेले कंपनाचे उत्तर मोठ्या यंत्राला लागूच होत नाही, कारण प्रत्येक यंत्राची थरथर त्याच्या स्वतःच्या बांधणीवर अवलंबून असते.

सरकारने या प्रयोगाला राष्ट्रीय चौकट दिली ती दहा वर्षांनी. हरमन हाउझर या उद्योजकाने २०१० मध्ये ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात, जर्मनीत १९४९ पासून चालत आलेल्या फ्राउनहोफर संस्थांचे उदाहरण समोर ठेवून, ब्रिटनमध्येही संशोधन व उद्योग यांच्या मधल्या पायऱ्यांसाठी कायमस्वरूपी केंद्रे असावीत असे सुचवले. त्यातून २०११ मध्ये ‘कॅटपल्ट’ या नावाचे जाळे सुरू झाले आणि शेफील्डचे केंद्र उच्चमूल्य उत्पादनाच्या शाखेत सामील झाले. या केंद्रांच्या उत्पन्नाचे सूत्र तीन समान भागांचे असावे असे ठरले: एक भाग सरकारचा खात्रीचा निधी, एक भाग स्पर्धेतून मिळवलेले सार्वजनिक प्रकल्प आणि एक भाग उद्योगांकडून थेट आलेला पैसा. या सूत्रात मोठे शहाणपण आहे. सरकारचाच पैसा असला तर संस्था उद्योगाच्या गरजेपासून दूर जाते. उद्योगाचाच असला तर ती पुढच्या तिमाहीच्या कामात गुंतते आणि दहा वर्षांनी लागणारे ज्ञान जमवणे सोडून देते.

पुढे केंद्राचा पसारा वाढला. २०१० च्या दशकाच्या मध्याला उघडलेल्या ‘फॅक्टरी २०५०’ या काचेच्या भिंतींच्या गोलाकार इमारतीत यंत्रे एका जागी रोवलेली नसतात, तर उत्पादन बदलले की मांडणीही बदलता यावी अशी सोय असते. तेथे यंत्रमानव, संवेदक आणि संगणकातील जुळी प्रतिकृती यांचा अभ्यास चालतो. जुळी प्रतिकृती म्हणजे प्रत्यक्ष यंत्राकडून सतत माहिती घेऊन त्याच्यासारखेच वागणारे संगणकातले प्रतिरूप. त्यामुळे एखादा बदल आधी प्रतिरूपावर करून पाहता येतो. वेल्समधील ब्रॉटन येथे २०१९ मध्ये सुरू झालेल्या शाखेची इमारत २०२० च्या महासाथीत रुग्णालयांसाठी कृत्रिम श्वसनयंत्रांचे भाग जोडण्याच्या कामी आली. उत्पादनाची मांडणी झटपट बदलण्याचे ज्ञान किती मोलाचे असते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

तरीही या साऱ्यापेक्षा अधिक अनुकरणीय गोष्ट कोणती असेल, तर ती २०१३ मध्ये सुरू झालेले प्रशिक्षण केंद्र. सोळाव्या वर्षी शाळा संपवून आलेली मुले-मुली तेथे उमेदवारी करतात. त्यांना त्यांची कंपनी पगार देते, आठवड्याचा काही वेळ ती केंद्रात शिकतात आणि उरलेला वेळ कारखान्यात काम करतात. ज्याची कुवत व इच्छा असेल त्याच्यासाठी येथून पदवीपर्यंत आणि त्याही पुढे जाण्याची वाट उघडी आहे. जगातल्या नामांकित संशोधन विद्यापीठाने टर्नर-फिटरचे शिक्षण आपल्या छत्राखाली घेणे ही विद्यापीठीय परंपरेत दुर्मीळ घटना आहे. संशोधनाच्या दृष्टीनेही तिला अर्थ आहे, कारण यंत्राच्या आवाजातला फरक सर्वांत आधी कानाने टिपतो तो यंत्रचालक, आणि त्याचे ज्ञान संशोधनात यायचे असेल तर तो त्याच इमारतीत आणि त्याच चर्चेत असावा लागतो. बहुविद्याशाखीय या शब्दात प्राध्यापकांच्या चार-पाच शाखा धरल्या जातात. हाताने काम करणाऱ्याचे कौशल्यही एक विद्याशाखाच आहे, हे शेफील्डने मान्य केले.

केंद्राभोवती कारखानेही आले. रोल्स-रॉइसने इंजिनातील पात्यांच्या ओतकामाचा कारखाना येथे उभारला. मॅक्लारेन या मोटार कंपनीने कार्बनतंतूंच्या सांगाड्यांसाठी आपले केंद्र २०१८ मध्ये येथे उघडले. आणि बोइंगने युरोपातला आपला पहिला उत्पादन कारखाना त्याच वर्षी शेफील्डमध्ये सुरू केला, ज्यात विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग तयार होतात. मूळ कंपनी अमेरिकेत असताना कारखाना इंग्लंडमध्ये येतो, याचे एक प्रमुख कारण म्हणजे ते भाग बनवण्याच्या पद्धतीच विद्यापीठाच्या केंद्रात विकसित झाल्या होत्या.

या यशाची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. खाणी आणि पोलाद कारखाने यांनी जितक्या कुटुंबांना पोसले, तितक्या कुटुंबांना हे अत्याधुनिक कारखाने पोसू शकत नाहीत. ज्या यंत्रांचे संशोधन तेथे चालते ती यंत्रे मुळातच कमी माणसांत काम करणारी आहेत. जवळच्या स्टॉक्सब्रिज आणि रॉदरहॅम येथील विशेष पोलादाचे कारखाने २००७ मध्ये कोरस कंपनी विकत घेतल्यामुळे मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलकडे आले होते. विमानांसाठी लागणारे पोलाद तेथे तयार होत असे. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, टाटांनी ते विकले आणि त्यानंतरही त्यांची अडचण संपली नाही. प्रगत संशोधनाचे केंद्र काही किलोमीटरवर असणे हे विजेचे दर, जागतिक भाव आणि भांडवल यांच्या प्रश्नांवरचे औषध नाही, हे त्यातून दिसते. उत्पादनाच्या पद्धतीचे संशोधन आणि उद्योगाचे धोरण या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत आणि पहिलीने दुसरीची जागा घ्यावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

भारतात या वाटेने काही पावले पडली आहेत. पवई येथील आयआयटी मुंबईत, केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि बोइंग यांच्या सहभागातून, विमानउद्योगातील उत्पादन-तंत्रावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, आणि टायटॅनियमसारख्या अवघड धातूंचे यंत्रण हा तेथेही अभ्यासाचा विषय झाला. चेन्नईत आयआयटी मद्रासने यंत्र-निर्मात्यांबरोबर प्रगत उत्पादनाचे केंद्र काढले. इंग्लंडमध्येच वॉरिक विद्यापीठात, भारतात जन्मलेले आणि आयआयटी खरगपूरला शिकलेले कुमार भट्टाचार्य यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या उत्पादन-विभागाने टाटा मोटर्सशी इतके जवळचे नाते जोडले की, या कंपनीचे युरोपातले तांत्रिक केंद्र त्याच विद्यापीठात स्थापन झाले. अनुभव, माणसे आणि संबंध यांची वाण भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, नाही.

उणीव आहे ती मधल्या पायऱ्यांवरच्या कामाला प्रतिष्ठा देण्याची. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, तोवर छोट्या कारखान्याच्या चॅटरचा प्रश्न सोडवण्यात दोन वर्षे घालवणारा तरुण संशोधक स्वतःचे नुकसानच करून घेत असतो; औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला निदेशक आणि विद्यापीठातला गणिती एकाच टेबलाशी बसण्याचा प्रसंग येत नाही; आणि केंद्रांना मिळणारा निधी प्रकल्पापुरता असतो, प्रकल्प संपला की शिकलेली माणसे पांगतात. शेफील्डच्या केंद्राला पहिल्या करारापासून बोइंगच्या कारखान्यापर्यंत पोहोचायला सतरा वर्षे लागली, आणि त्या काळात ब्रिटनमध्ये सरकारे बदलली तरी निधीचा ओघ तुटला नाही. राज्यातील विद्यापीठांच्या अधिकार मंडळांनी आणि पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर येथील उद्योजकांच्या संघटनांनी असे केंद्र काढण्याचा विचार केला, तर इमारतीच्या आराखड्याआधी त्या सतरा वर्षांच्या निधीची आणि तेथे काम करणाऱ्यांच्या बढतीच्या नियमांची तजवीज करावी.